बालवाडीत ३१ पोरं, तीन भाषा आणि मी एकटी, तुम्ही कसं सांभाळता?

वडगावची_नवी_टीचर

नमस्कार मंडळी. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, लग्न होऊन बेळगावात वडगावला आले त्याला दीड वर्ष झालं. या वर्षी घराजवळच्याच एका बालवाडीत लागलेय, शाळेचं नाव सांगत नाही. कोर्स केलाय रीतसर, पण कोर्समधलं आणि हितलं, काही मेळच नाही. आमच्याकडं शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, हितं कर्नाटकाचं वेळापत्रक, जून उजाडायच्या आतच घंटा, म्हणजे मला तयारीला पंधरा दिवस मिळतील वाटलेलं तेही गेले.

वर्गात ३१ पोरं, सगळी साडेतीन ते साडेचारची. मराठी घरची निम्म्याहून जास्त, नऊ-दहा मागवाल्यांच्या म्हणजे विणकरांच्या घरची, घरात कन्नड, आणि चौघं घरी उर्दू बोलणारी. मदतीला एक मावशी, त्या पण तिन्ही वर्गांना मिळून एकच, त्यामुळं कधी पाण्यावर असतात, कधी गेटवर, मला लागतात तेव्हा नेमक्या नसतात.

पहिल्या आठवड्यातलं सांगते. एक बारकं पोर माझ्याजवळ येऊन "टीचर ओंदक्क, ओंदक्क" म्हणून पदर ओढायला लागलं. मला कन्नड एवढंच ठाऊक की ओंदु म्हणजे एक. मला वाटलं वा, हे आकडे म्हणतंय, घरी शिकवलंय वाटतं. मी म्हटलं शाब्बास, आता पुढं काय, एरडु म्हण बघू. ते रडवेलं होऊन परत "ओंदक्क". मी बोर्डवर मोठा १ काढून दाखवला. तेवढ्यात त्याच्या पायाशी पाणी 😭 मावशी आल्या आणि हसून सांगितलं, अहो टीचर ते एकीला जायचं म्हणत होतं, आपल्यात पोरं एकीला म्हणतात तसं त्यांच्यात ओंदक्क. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते पोर चार दिवस माझ्याकडं आलंच नाही, दारातनंच मावशींना चिकटायचं.

हे झालं एक. दुसरं पालक. ग्रुपवर रोज रात्री मेसेज, आज काय लिहायला दिलं, वही कोरी का, शेजारच्या शाळेतलं पोर झेडपर्यंत लिहितंय आमचं अजून रेघाच मारतंय. साडेतीन वर्षाचं पोर हो! पेन्सिल मुठीत धरतंय अजून. मी मॅनेजमेंटला विचारलं तर म्हणाले पालक म्हणतात ते द्या, ॲडमिशन त्यांच्यावर आहेत. पगार सहा हजार, त्यात घरी आणून वह्यांत रोज ३१ वेळा ठिपक्यांचा अ काढून देते, नवरा पण बसतो हल्ली ठिपके काढायला, त्याचे ठिपके माझ्यापेक्षा चांगले येतात ते वेगळं.

तर विचारायचं असं की एक म्हणजे भाषा न कळणाऱ्या पोरांना कसं सामावून घेता, आणि दुसरं म्हणजे हे लिहिण्याचं खूळ पालकांच्या डोक्यातनं कसं काढता. दिवाळीपर्यंत बघते नाहीतर सोडून देईन असं झालंय.

खानापूरच्या_रिटायर्ड_बाई

अगं पोरी, सोडू नकोस. जे पोर चड्डीत करतं ते पुढं त्याच बाईला सगळ्यात जास्त चिकटतं, हे मी अठ्ठावीस वर्षं बघितलंय.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर देते कारण माझा जीव त्यात अडकलाय. मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार वर्षाच्या पोराची त्यातली कशीबशी निम्मी तयार झालेली असतात, बाकी अजून कूर्चाच, सगळी व्हायला बारा वर्षांच्या आसपास जातं. हे मला ट्रेनिंगला एका डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे लावून दाखवलं होतं, तेव्हापासून मी पालकसभेत हेच सांगायची. हाड तयार नाही म्हटलं की पालक ऐकतात ग, बालमानसशास्त्र म्हटलं की जांभया देतात. म्हणायचं, नांगराला खोंड लहान वयात जुंपतो काय आपण? आमच्या भागात शेतकरी पालक, लगेच पटायचं. तुझ्याकडं मागवाले आहेत तर त्यांना विचार, कच्च्या सुताचा ताणा लावता काय मागावर? तेच उत्तर देतील बघ.

पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, पोर काहीतरी करतंय हे घरी दिसावं लागतं. मी काय करायची, अंगणात पाणी मारून खडूच्या जाड कांडीनं, कधी कोळशानं मोठ्या मोठ्या रेघा काढायला लावायची, उभी, आडवी, तिरकी, गोल. पावसाळ्यात आमच्याकडं अंगण कुठलं, जून-जुलैत छपरातनं धार, तेव्हा परातीत रवा पसरून बोटानं. कणकेचे गोळे, दोरीत मणी ओवणे, चिंचोके वाटीतनं वाटीत चिमटीनं टाकणे. हे सगळं पेन्सिल धरायचीच तयारी आहे. शनिवारी आयांना बोलावून परातीसमोर बसवायची, म्हणायची तुमच्या पोराचा हात बघा. त्या खूश.

आणखी एक, तुझ्या वर्गात दोन लिप्या येणार पुढं. आपलं देवनागरी म्हणजे काना, दंड, वर रेघ. कन्नड सगळं गोल गोल, जिलबीसारखं. म्हणून गोल आणि उभी रेघ दोन्ही हाताला बसली की पोर कुठल्याही शाळेत गेलं तरी अडत नाही. वर्णमालेचा क्रम पण जवळजवळ सारखाच, अ आ इ ई, फक्त त्यांच्यात ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ दोन दोन. तेव्हा अक्षर नको, आवाज शिकव.

आणि हो, भाषेवरनं आठवलं. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला डहाणूकडच्या बोर्डीत काम सुरू केलं, मग १९५७ला कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येत नव्हती तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, त्यावरनंच अंगणवाडी. त्या पोरांची बोली काय आपली पुस्तकी मराठी नव्हती. पानं, बिया, शंख, माती असलीच साधनं घेऊन शिकवलं. मग तुझ्या वर्गात तर निम्म्यांना मराठी येतंय, कशाला घाबरतेस?

निपाणी_अंगणवाडी

बाईंचं बरोबर हाय पण मला थोडं हसू आलं, राग नको. टीचर तुमाला फक्त पोरंच बगायचीत की ओ. मी अंगणवाडी कार्यकर्ती, निपाणी भागात, आमच्याकडं आया तंबाखूच्या वखारीत नाहीतर घरी बिड्या वळतात, सकाळी पोर दारात टेकवून जातात ते कधी आंघोळ बी नसते. सकाळी दूध पावडर कालवायची, ज्या दिवशी अंडी त्या दिवशी अंडी उकडायची, गर्भिणी आणि बाळंतिणीना जेवण (ती मातृपूर्ण योजना, २०१७ पासनं), महिन्याला वजन उंची, पोषण ट्रॅकर म्हणून सरकारी ॲप हाय त्यात भरायचं, रेंज नसली की फोन घेऊन गच्चीवर, आता घरी न्यायच्या आहाराला लाभार्थीचा चेहरा पण दाखवा म्हणतंय ॲप, बाळंतीण येती अंधाऱ्या खोलीतनं, चेहरा घेत नाही, ती म्हणती बाई मीच हाय ओ, मी म्हणते मला म्हाईत हाय पण फोनला म्हाईत नाही. वर मतदार यादी, सर्वे, पोलिओ डोस. रजिस्टर कन्नडमधे, पोरांशी बोलायचं मराठीत, मीटिंगला गेलं की परत कन्नड. ह्यातनं पोरांना शिकवायला उरतोय तो दीड तास.

असो. तुमच्या कामाचं सांगते. रडणाऱ्या पोराला पयल्या दिवशी शिकवू नका, काम द्या. माझ्याकडं एक पोरगी आठ दिवस रडूलती, गेटला धरून. मी तिला म्हटलं चल माझ्यासंगं अंडी मोजायची. अंडं हातात दिलं. अंडं हातात असल्यावर पोर रडत नाही, फुटंल म्हणून सगळं लक्ष तिकडं. आता ती बाकीच्यांना दटावती, रडूनको अंडं देणार नाही म्हणून 😄

आणि जादा चड्ड्या ठेवा, डझनभर. आमी जुन्या मागून आणलेत सगळ्या गल्लीतनं.

अनगोळचा_पप्पा

मी पालक बोलतोय. तुम्ही सगळ्या बाया पालकांना नावं ठेवताय, आमची बाजू पण ऐका. माझ्या थोरल्याला पहिलीला घालताना एका इंग्लिश मीडियम शाळेत समोर पाटी ठेवून लिही म्हणाले. त्याला येईना, ॲडमिशन नाही झालं. मग आम्ही धाकटीच्या बाबतीत घाबरणार नाही तर काय? वर ते पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेचं लफडं, एका वर्षी कडक म्हणाले, मग २०२५-२६ पुरतं साडेपाचच्या आसपास चालेल म्हणाले, आमची ऑगस्टची. यूकेजीत परत बसवायचं काय? आम्ही पालक वेडे नाही, वरनं शाळा मागतात म्हणून आम्ही तुमच्याकडं मागतो.

खानापूरच्या_रिटायर्ड_बाई

पप्पा, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, खोटं नाही. चूक त्या पाटी ठेवणाऱ्याची. पण त्याची शिक्षा साडेतीन वर्षाच्या मनगटाला का? यूकेजीत हळूहळू लिहायला द्या की, तिथं वय पाचच्या पुढं असतं. आणि ऑगस्टची असली तर एक वर्ष जास्त खेळली म्हणून काही बिघडत नाही, माझी स्वतःची नात तशीच बसली.

कन्नड_घरची_टीचर

माझी आईभाषा कन्नड, माहेर गोकाककडं, मराठी हितं गल्लीत शिकले त्यामुळं चुकलं तर संभाळून घ्या. मी बेळगावातच एलकेजी घेते, माझ्याकडं उलटं, मराठी पोरं माझं कन्नड समजत नव्हती.

अक्का, तुम्ही दहा शब्द पाठ करा, बास. बा म्हणजे ये. कुंद्रु म्हणजे बस, पुस्तकात कुळितुको असतं पण आमच्या उत्तर कर्नाटकात कुंद्रुच. नीरु पाणी, ऊटा जेवण, साकु पुरे, ब्याड नको, अळब्याड रडू नको. मनिगी म्हणजे घरी, हे तुम्हाला जून महिन्यात सगळ्यात जास्त ऐकायला मिळेल. ओंदक्क तर तुम्हाला पाठ झालंच 😂 आणि येरडक्क ऐकलं तर पळा, ते दोन नंबर आहे.

माझा एक खेळ सांगते. दोन्हीकडं चालणारे शब्द शोधायचे. आज्जी आमच्यात पण अज्जी. अक्का, अण्णा तेच. तूप ते तुप्प. खिडकी ते किटकी. भाकरीला आमच्याकडं भक्री. मी खिडकीकडं बोट दाखवते, अर्धी पोरं खिडकी ओरडतात अर्धी किटकी, मग भांडतात, मग हसतात. एक मराठी पोरगी घरी जाऊन आज्जीला म्हणाली तुप्प वाढ. आज्जी मला विचारायला आली काय शिकवता म्हणून, मी घाबरले, गावात भाषेवरनं काय चालतं तुम्हाला माहीत आहे, पण ती म्हणाली माझी आई पण तुप्पच म्हणायची, आमचं मूळ सौंदत्तीकडचं. मोठ्यांची भांडणं दारातल्या चपलांजवळ राहू देत, आत नको, एवढंच माझं.

उर्दूवाल्या चौघांची काळजी करू नका, ती दोन महिन्यात तिन्ही बोलतात, माझ्या वर्गात दुभाषी तीच आहेत.

वडगावची_नवी_टीचर

सगळ्यांना खूप थँक्यू, उशिरा लिहितेय, मधे गणपती आणि मग वर्गात सर्दीची साथ, पंधरा दिवस अर्धा वर्ग रिकामा आणि मग मीच आजारी.

काय काय झालं सांगते. दहा शब्द पाठ केले, त्यातले सहाच वापरते. "कुंद्रु" म्हटलं की आता मराठी पोरं पण बसतात, कन्नडवाल्यांच्या आधी. ते ओंदक्कवालं पोर बोलायला लागलं पण त्याचं खरं टॅलंट वेगळंच निघालं, त्याच्या घरी माग आहे, ते तोंडानं मागाचा आवाज काढतं, खटक खटाक खटक खटाक, मधेच धोटा (मागावर आडवा धागा नेणारा) अडकल्यासारखं थांबतं आणि "अण्णा!" म्हणून ओरडतं, म्हणजे त्याचे वडील धागा तुटला की ओरडत असणार. आता दुपारी झोपेआधी सगळा वर्ग माग चालवतो. हेडबाई एकदा धावत आल्या काय झालं म्हणून.

पालकसभेत कच्च्या सुताचं उदाहरण दिलं. एक वडील मागं बसलेले, ते उठून म्हणाले खरं आहे, ताणा तुटतो. त्यांनी म्हटल्यावर बाकीचे गप्प. मॅनेजमेंटनं एवढं मान्य केलं की एलकेजीला दिवाळीपर्यंत वहीत होमवर्क नाही, पुढचं पुढं. दोन आया अजून रोज रात्री विचारतात वही कोरी का, त्यांना मी परातीतल्या रव्याचा फोटो पाठवते. एकीनं उत्तर दिलं, रवा वाया जातो. (नाही जात, तोच रवा परत भरून ठेवते, खायला नाही.)

पगार सहा हजारच आहे, त्यावर इथं कुणी उपाय सांगितला नाही ते लक्षात आलंय माझ्या 🙂

अंडं काही मिळत नाही आमच्याकडं, मी रडणाऱ्याला हजेरीचा खडूचा डबा धरायला देते. चालतंय.

एक विचारायचं राहिलं, बाई, चिंचोके किती मोठ्या वाटीत द्यायचे?

निपाणी_अंगणवाडी

चिंचोके देऊ नका ओ बाई!! आमच्यात गेल्या वर्षी एकानं नाकात घातला, काढायला दवाखान्यात न्यावं लागलं, पावसात, रिक्षा मिळंना, त्याची आई वखारीत, फोन उचलंना. तेव्हापासनं मी बाटल्यांची टोपणं देते, मोठी, पाच लिटरच्या तेलाच्या कॅनची असतात ती. गल्लीतल्या हाटेलवाल्याला सांगून ठेवा, ठेवतो तो जमवून.

खानापूरच्या_रिटायर्ड_बाई

टोपणं बरी. माझ्या वेळी एकानं कानात घातला होता, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.