पिश्ताकोला व्हॅम्पायर म्हणायचं का?

फासेवाला

ठाण्यात आमचा सहा जणांचा कंपू गेली चार वर्षं शनिवारी रात्री टेबलाभोवती बसतो. फासे, कागद, पेन्सिली आणि लसूण शेव (हो, विनोद करून झालाय). या खेपेचं कॅम्पेन (म्हणजे आम्हीच पात्रं होऊन दर शनिवारी पुढे नेतो ती लांबलचक कथा) व्हॅम्पायरांचं. खेळाडू स्वतःच व्हॅम्पायर आणि प्रत्येकाचं एक रक्तकुळ. तुम्हाला कुणी चावून आपल्यात ओढलं, त्यावरून तुमची ताकद आणि तुमची खोड ठरते. किल्ले, काळे झगे, शवपेट्या यांचा वीट आला होता, म्हणून कथा उचलून दक्षिण अमेरिकेत नेली आणि तिथल्या लोककथांवरून चार कुळं बेतली.

पहिलं पिउचेन. चिलेतल्या मापुचे लोकांचा उडता साप. रूप बदलतो, शीळ घालतो, मेंढ्यांचं रक्त पितो, नजरेनं समोरच्याला जागच्या जागी खिळवतो. माझ्या शीटवर (म्हणजे त्याच्या शक्तींच्या कागदावर) तो आठवडाभर उपाशीही राहू शकतो. त्याला आवरायला माची लागते, म्हणजे मापुचेंची वैदूबाई. दुसरं असेमा, सुरिनामचं. दिवसा शेजारची म्हातारी, रात्री कातडी उतरवून निळसर उजेडाचा गोळा. दारात तांदूळ किंवा तीळ सांडले की एकूण एक दाणा मोजल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही. तिसरा सिल्बोन, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ माळांवरचा. बापाचा खून केला, आता त्याचीच हाडं पोत्यात घेऊन हिंडतो. शीळ जवळून ऐकू आली तर तो लांब आहे, लांबून आली तर तुमच्या पाठीशी उभा आहे. झिंगून पडलेल्याच्या बेंबीला तोंड लावून दारू ओढून घेतो. चौथा पिश्ताको, पेरूच्या अँडीजमधला. रक्ताऐवजी माणसाची चरबी काढतो. त्याला मी इंका काळातल्या पुजाऱ्यांचं जुनं घराणं करून टाकलं, चरबी खाऊन अमर झालेलं.

पहिल्याच बैठकीत आमच्यातली एक जण अडून बसली. पिश्ताको व्हॅम्पायर नाहीच, तो काढ, नाहीतर मी खेळत नाही. माझं म्हणणं, दुसऱ्याच्या अंगातलं सत्त्व काढून घेतो तो व्हॅम्पायर. मग ते रक्त असो, चरबी असो नाहीतर दारू. तुम्हाला काय वाटतं?

दीड शहाणा

हडळ, जखीण, वेताळ, मुंजा घरचे असताना पेरूला कशाला? तिकिटाचे पैसे वाचव.

फासेवाला

मुंज्यावर दोन वर्षं खेळलो. ठाण्यातले पिंपळ संपले.

कातरवेळ

मी तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने. पिश्ताको व्हॅम्पायर आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. त्याला इंका पुजारी केलंत, तिथे मात्र अख्खी कथा डोक्यावर उभी राहिली.

अँडीजमधल्या केचुआ भाषेत पिश्ताय म्हणजे गळा चिरणं, कापून काढणं. पेरूतल्या अयाकुचोकडे त्याला नाकाक म्हणतात, बोलिव्हियात आयमारा लोक खारीसिरी म्हणतात. नावं बदलली तरी माणूस तोच. बाहेरचा, बहुतेक वेळा गोरा. आधी झग्यातला पाद्री, मग घोड्यावरचा जमीनदार, मग रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर. आणि चरबी तो खात नाही हो! ती पुढे जाते. चर्चची घंटा खणखणीत वाजावी म्हणून ओतताना घालायला, यंत्रांना वंगण म्हणून, आणि १९८०च्या दशकात तर अशी बोलवा होती की देशाचं परदेशी कर्ज फेडायला. अँडीजमध्ये चरबी म्हणजे अंगातला जोर. तो गावातून काढून बाहेर नेणारा, तो पिश्ताको.

ही भीती आकाशातून पडलेली नाही. स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या मेक्सिकोच्या स्वारीतला शिपाई बेर्नाल दियास स्वतःच लिहून गेलाय की तेल नव्हतं म्हणून मारलेल्या एका लठ्ठ इंडियनची चरबी काढून त्यांनी आपल्या जखमांना लावली. १५७०च्या दशकात पेरूतल्या कुस्कोचा पाद्री क्रिस्तोबाल दे मोलिना नोंदवतो की स्पॅनिश लोक औषधासाठी आपली चरबी काढतील या धास्तीने लोक त्यांच्या घरी सरपण टाकायलाही कचरत. आणि तुमच्या खेळात चरबी काढणारे कोण, तर इंकाच! ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच बेड्या घातल्यात.

फासेवाला

तपशील खरंच माहीत नव्हते, आभार. पण मुद्दा सोडत नाही. १७३०च्या आसपास सर्बियातल्या खेड्यांतून ज्या खबरी व्हिएन्नाला पोचल्या, त्यांतला व्हॅम्पायर साधा गावकरी होता. फुगलेलं, तांबूस प्रेत, शेजारपाजाऱ्यांच्या छातीवर बसणारं. शंभर वर्षं व्हायच्या आत लेखकांनी त्याला उमराव करून दिवाणखान्यात बसवला. सर्बियन खेडुतांना कुणी विचारलं होतं? पिश्ताकोही पाद्र्याचा इंजिनिअर झाला, हे तुम्हीच सांगताय. मग माझ्या टेबलावर तो पुजारी झाला तर कुठे बिघडलं?

कातरवेळ

पाद्र्याचा इंजिनिअर केला तो त्याला घाबरणाऱ्यांनी. तुम्ही पुजारी केलात तो कुणाला घाबरून?

दीड शहाणा

आई गं. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

बाभूळझाड

कातरवेळ यांचं बरंचसं पटलं, पण एक खटकलं. पिश्ताको म्हणजे गरिबांनी रचलेली शहाणी रूपककथा, असा सूर लागतोय. ती अफवासुद्धा आहे. अयाकुचोत १९८७ साली परगावच्या एका तरुण व्यापाऱ्याला पिश्ताको समजून जमावाने ठार मारलं. तो काही जमीनदार नव्हता, परका होता इतकंच. आपल्याकडे १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, त्याचीच ही बहीण. आणि उलटंही होतं. नोव्हेंबर २००९मध्ये पेरूच्या पोलिसांनी बाटल्यांत भरलेली पिवळट चरबी पत्रकारांसमोर मांडून चरबी विकणारी टोळी पकडल्याचं जाहीर केलं, टोळीचं नावच पिश्ताको. थोड्याच दिवसांत सगळं प्रकरण ढासळलं आणि तपासाच्या प्रमुखाला पदावरून दूर व्हावं लागलं. म्हणजे ही कथा सरकारच्याही कामी येते.

म्हणून म्हणतो, कथेला सोवळ्यात ठेवू नका. खेळात वापरा, पण चुकीच्या माणसावर संशय गेला तर काय होतं तेही खेळात येऊ द्या.

कातरवेळ

१९८७ला अयाकुचो सैन्य आणि शायनिंग पाथ (पेरूतले माओवादी बंडखोर) यांच्या कात्रीत होतं, हे सांगितल्याशिवाय त्या खुनाबद्दल बोलू नये. बाकी मान्य.

निशाचर

चरबी तुमची चालू द्या, मला पिउचेनच्या शीटबद्दल बोलायचंय. कारण इथे खरा प्राणी आहे. रक्त पिणारी वटवाघळं जगात तीनच जातींची आणि तिन्ही अमेरिकेतली. चिलेत त्यांतल्या एकीला पिउचेन असंच म्हणतात. म्हणजे मापुचेंचा उडता साप आणि हे वटवाघूळ यांची नावाचीच सोयरीक आहे. आपल्याकडची ती झाडाला लटकणारी मोठी वटवाघळं फळं खातात, उगाच बदनाम.

तर तुम्ही लिहिलंय की पिउचेन आठवडाभर उपाशी राहू शकतो. खरं वटवाघूळ दोन-तीन रात्री रिकामं राहिलं की मरतं. म्हणून त्यांच्यात उसनवारी चालते. ज्याला शिकार मिळाली ते पोट भरून येतं आणि ढोलीतल्या उपाशी शेजाऱ्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून पाजतं. कुणालाही नाही, नातलगांना आणि रोज शेजारी लटकणाऱ्यांना. विल्किन्सन नावाच्या संशोधकाने १९८४मध्ये हे कोस्टा रिकातल्या वटवाघळांवरून मांडलं. नंतरच्या कामात असंही दिसलं की ज्यानं आधी पाजलंय त्याच्यावर वेळ आली की त्याला मिळतं.

याचा नियम करा की! पिउचेन कुळातल्याला एकट्याने साठा करता येत नाही. रक्ताचे ठिपके दुसऱ्या खेळाडूला उसने द्यायचे आणि वहीत मांडून ठेवायचे. जो परत करत नाही त्याला तिसऱ्या रात्री कोणी विचारत नाही. नजरेनं खिळवणं वगैरे ठीक आहे, ते प्रत्येक खेळात असतं.

फासेवाला

निशाचर, हे सोनं आहे. ओकून पाजायचा प्रसंग टेबलावर अभिनयासकट करायचा की नाही ते मतदानाने ठरवू.

दीड शहाणा

चुपाकाब्रा राहिला.

निशाचर

तो १९९५चा आणि पोर्तो रिकोचा. कॅरिबियन बेट आहे ते, दक्षिण अमेरिका नव्हे.

हेगकर

असेमाबद्दल. मी नेदरलँड्समध्ये डेन हागला राहते. आमच्या मजल्यावर सुरिनामहून आलेल्या आजी होत्या, हिंदुस्तानी. पूर्वज बिहारकडचे, करारावर मजूर म्हणून गेलेले (सुरिनामला पहिलं जहाज १८७३ला लागलं). त्या मला भोजपुरीमिश्रित काहीतरी बोलायच्या, मी मराठीमिश्रित हिंदी. असेमाची गोष्ट त्यांनीच सांगितली. ती मुळात त्यांच्या लोकांची नाही, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची. शेजारच्या गयानात तिचीच बहीण ओल्ड हायग. तिलाही तांदूळ मोजायला बसवतात आणि मग झोडपतात ते नारळाच्या हिरांच्या झाडूने. हो, आपला खराटा! हे ऐकून मी इतकी हसले की आजी रागावल्या.

रागावण्याचं कारण नंतर कळलं. त्यांच्या लहानपणी गल्लीत एक एकटी म्हातारी राहायची. तिच्या दारासमोर पोरं मुद्दाम तांदूळ टाकायची आणि लपून बघायची, वाकून वेचते का. ती वेचायची, कारण तांदूळ वाया घालवायची तिची ऐपत नव्हती.

तेव्हापासून मला ते दाणे मोजणं गंमत वाटत नाही. सातपुड्यात बायांना डाकीण ठरवतात ते आठवतं. फासेवाला, तुमच्या पिश्ताकोवर एवढं रण माजलंय, पण मला विचाराल तर असेमा जास्त नाजूक जागा आहे. पिश्ताकोत बोट वर रोखलेलं असतं, असेमात गल्लीतल्या सगळ्यात दुबळ्या बाईवर.

बाभूळझाड

+१. वेचणाऱ्या म्हातारीपुढे आमचं सगळं पांडित्य फिकं.

चौथी मिती

मी उलट बाजूने बोलतो, कुणीतरी बोलायला हवं. वीस वर्षं असे खेळ चालवतोय. राक्षसाचं कुळ करून खेळाडूच्या हातात दिलं की तो राक्षस आतून दिसायला लागतो, हाच तर या खेळाचा फायदा. असेमा झालेली खेळाडू तांदळापुढे बसेल, मोजेल आणि दारामागून हसणाऱ्या पोरांना ऐकेल. हेगकर यांनी सांगितलं ते तीन परिच्छेदांत वाचून जेवढं लागतं, त्यापेक्षा तिथे जास्त लागेल. सगळंच नाजूक म्हणून बाजूला ठेवलं तर पुन्हा उरतात ते किल्ले आणि झगे.

माझी तक्रार वेगळीच, सिल्बोनबद्दल. तो एकट्याचा शाप आहे. आजोबांनी फटके मारले, जखमांवर मिरची चोळली, पाठीवर कुत्रा सोडला. त्याचं कुळ होणार कसं? तो कुणाला चावून आपल्यासारखं करत नाही. बाप मारल्याशिवाय सिल्बोन होता येत नाही. मग कुळात शिरण्याची अट तीच ठेवा, किंवा त्याला भूत म्हणून सोडून द्या.

फासेवाला

अट तीच ठेवतो. आमच्यातल्या एकाला आत्ताच फोन केला, तो म्हणाला 'बाबांना सांगू नकोस, घेतलं.'

कातरवेळ, रात्रभर विचार केला. पिश्ताकोला कुळ न करता हुद्दा केलं तर? म्हणजे चावून होत नाही, नेमणूक होते. पगार मिळतो. खेळाडूंना तो निवडता येणार नाही, समोर येईल फक्त.

चौथी मिती

मग तो व्हॅम्पायर राहिला कुठे? जिंकली की ती तुमची मैत्रीण.

कातरवेळ

हुद्दा हा शब्द आवडला. काळ कुठला घेतलाय? १९२०नंतरचा घ्या. पेरूत त्या वर्षी रस्ताबांधणीच्या सक्तीच्या कामाचा कायदा झाला. कागदावर सगळ्या पुरुषांना लागू, पण पैसे भरून सुटका होती. म्हणजे खडी फोडायला गेले ते डोंगरातले इंडियन. गावात नवा रस्ता, नवा इंजिनिअर, पेट्या. वेगळं काही रचावं लागणार नाही.

फासेवाला (रविवार सकाळ)

काल खेळलो. कुळं तीन. पिश्ताकोचं पान फाडून शेवेखाली घेतलं.

अयाकुचोच्या वरच्या अंगाचं एक गाव, साल १९२४. चांगली भुकेली रात्र. पिउचेनवाल्या दोघांची वहीतली उधारी तीन ठिपक्यांवर गेलेली. स्वयंपाकघरात फोन ठेवून सिल्बोनची शीळ अगदी बारीक लावली होती, कुणीतरी "आवाज वाढव" म्हणालं आणि मग त्याचं त्यालाच कळलं. पुढे रस्त्याच्या छावणीत इंजिनिअरचा तंबू. तिघे व्हॅम्पायर आत शिरतात, तो कंदिलापाशी हिशेब लिहीत बसलाय. घाबरत नाही. दात नाहीत, शक्ती नाही, फासे टाकायला माझ्याकडे त्याचे आकडेच नव्हते. टेबलावर तराजू आणि शिक्के मारलेले डबे.

अडून बसलेली मैत्रीण पिउचेन खेळतेय. तिनं विचारलं, माल जातो कुठे? मी म्हटलं, पावतीवर राजधानीचा, लिमाचा पत्ता आहे. टेबलावर कुणी शेवेला हात लावेना. पुढच्या शनिवारी लिमाला निघायचं ठरलंय.

कातरवेळ

पत्त्यावर कोण राहतं?

फासेवाला

अजून लिहिलं नाही.

दीड शहाणा

व्हॅम्पायरच राहत असणार. नाहीतर कॅम्पेन कसलं!

कातरवेळ

कोणीही राहू दे. फक्त जिवंत माणूस ठेवा.