उत्तर: उत्तर: शनिवारची १२ मिनिटं – कर्शेंचं कुठलं गाणं?

सुमा (सांस्कृतिक समिती):
मंडळी, शनिवारच्या कार्यक्रमात आपल्याला १२ मिनिटं आहेत आणि त्याचं पत्रक आज रात्री छापायला जायचंय. सोमाली संगीतकार अब्दुल्लाही कर्शेंचं झेंड्याचं गाणं म्हणायचं हे मागच्या बैठकीत ठरलंय, चार रविवार तालीमही झाली. आता शेजारच्या सोमाली मंडळींकडून निरोप आलाय, दुसरं काही बसवता का? ते गाणं २०१२ पासून सोमालियाचं राष्ट्रगीत आहे आणि त्यांच्यातली बरीच घरं हर्गेसाची, सोमालीलँडची. १९९१ मध्ये सोमालीलँडने सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून त्यांचा झेंडा निराळा. प्लीज आजच सांगा.

तात्या:
राष्ट्रगीत म्हणजे सगळ्यांनी उभं राहायचं. आपल्यात गुडघेवाले किती आहेत ते बघा. मागच्या गणपतीत आरतीला खुर्च्या मागितल्या तेव्हा कोण रागावलं होतं, ते आता काढत नाही.
शिवाय पत्रकात 'जन्म एडन' आहे ते चूक. जन्म १९२४, मोशी. किलिमांजारोच्या पायथ्याशी. येमेनमधल्या एडनला नंतर गेले.

कोषाध्यक्ष:
एडन निघालंच आहे तर सांगतो. १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्यात होतं. वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथल्याच तुरुंगात गेले. पत्रकात एक ओळ घालाच, म्हणजे कर्शेंशी आपलं नातं लागतं.

निशा:
काका, फडक्यांना तिथे काळ्या पाण्यासारखं नेऊन टाकलं होतं, त्यावरून कर्शेंना आपलं कसं करता? नातं लावायचंच तर हे लावा: पोरवयात त्यांनी एडनला हिंदी सिनेमे पाहिले, भारतीय आणि अरबी गाणी ऐकली, उद हे तंतुवाद्य वाजवायला घेतलं. घरच्यांना ते पसंत नव्हतं. (माझ्या आजीने पेटी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती, तेव्हा मला हे नवीन नाही.)

तात्या:
आजींचं नाव का मध्ये? त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्लीय मी.

माधव:
विषयावर येऊ या. १९८८ मध्ये सोमालियाचा तेव्हाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले. रेडिओ हर्गेसाच्या लोकांनी गाण्यांच्या टेपा वाचवायला जमिनीत पुरून ठेवल्या. ज्यांनी ते सोसलं त्यांच्यासमोर आपण हसतमुखाने तोच झेंडा गायचा? आणि गंमत बघा, कर्शे हर्गेसाचेच लाडके. १९५५ मध्ये 'वलालो हर्गेसा' ही कलाकार मंडळी उभी करण्यात तेच पुढे होते. वलालो म्हणजे भाऊ. त्या घरांना कर्शे हवेत, झेंडा नको. यात न कळण्यासारखं काय आहे?

सुमा:
माधव, कळलं. पण चार रविवार गेले त्याचं काय?

निशा:
सुमाताई, 'बलवो' घ्या. दोन-दोन ओळींची प्रेमगीतं. चाळीसच्या दशकात अब्दी सिनिमो नावाच्या ट्रक ड्रायव्हरने सुरू केली, ट्रक बंद पडला तिथेच पहिलं सुचलं असं सांगतात. मौलवींना खपली नाहीत, पोरांनी डोक्यावर घेतली. आधी नुसत्या टाळ्या आणि ठेका असायचा, उदाची साथ कर्शेंनी आणली. त्यातूनच पुढे 'हेल्लो' हा लांबलचक गाण्यांचा प्रकार आला. दोन बलवो एका रविवारात बसतील. सूर पाचच. भूप आठवतो, पण तसा गाऊ नका, फसाल.
एकच अडचण. उदाला पडदे नाहीत आणि आपली पेटी ठोकळ्या सुरांची. त्यांचा वादक उद आपल्या पांढरी चारच्या सुराला लावायला तयार आहे. पेटी नको, तानपुरा आणि तबला बास.

तात्या:
पेटी नको? १९ वर्षं पेटी मी वाजवतोय.

निशा:
तात्या, म्हणून तर टाळ्यांचा ठेका तुमच्याकडे ठेवलाय.

सुमा:
ठरलं. दोन बलवो. जन्म मोशी. फडके नाहीत. पत्रक पाठवलं. सामोसे आपले आणि सांबूस त्यांचे, दोन्ही राहतील. त्यावर वेगळी मेल काढू नका. तानपुरा कोणाकडे आहे?

कोषाध्यक्ष:
फडक्यांना एक ओळही नाही?

तात्या:
तानपुरा माझ्याकडे आहे. पण तार तुटलीय.