मनांगला मुक्काम एक की दोन? (अन्नपूर्णा सर्किट, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यात नेपाळात अन्नपूर्णा सर्किट हा ट्रेक करायचं ठरतंय. ‘थोरांग ला’ ही खिंड (५४१६ मी.) ओलांडून मुक्तिनाथला उतरायचं. मुक्तिनाथला गाडी जात असताना एवढी पायपीट कशाला, हे घरी कोणालाच पटलेलं नाही, ते सोडा.

घोडं अडलंय वाटेतल्या मनांग गावापाशी. एजंटने आखून दिलंय ते असं: बेसीसहरहून जीपने एका दिवसात थेट मनांग, तिथे एकच रात्र, लगेच याक खर्का (४०५० मी.). बेसीसहर जेमतेम ७६० मीटरवर, मनांग साडेतीन हजारांवर! मला उंचीच्या त्रासाची धडकी भरलीय. दादा (वय ५४, बीपीची गोळी चालू) म्हणतो, जीपमध्ये बसून कसला त्रास, उलट दिवस वाचतात. तो दर पावसाळ्यात कळसूबाई करतो, त्यामुळे त्याच्यापुढे बोलायची सोय नाही. कळसूबाई १६४६ मीटर आहे हे सांगून झालं.

जीप वाटेतल्या चामे गावालाच सोडून पुढे चालत गेलो तर? मनांगला दोन रात्री राहिलो तर मधल्या दिवशी जवळच्या आइस लेकपर्यंतची चढण झेपेल का? आणि दादाला सल्फाची ॲलर्जी आहे, मग डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) काय?

प्रतिसाद

दोन रात्री. यात घासाघीस नको. तीन हजारांच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये म्हणतात. फिटनेसचा इथे उपयोग नाही, धडधाकट पोरंही आडवी होतात.

चामे (२६७०), अप्पर पिसांग (३३००), नगावल, मग मनांग असं चला. वाटेत घ्यारूची चढण जीव काढते, पण समोर अन्नपूर्णा २ असते. शिवाय नगावल मनांगपेक्षा थोडं उंच, म्हणजे वर झोपून खाली येता.

आइस लेक ४६०० च्या आसपास. डोकं जरा जरी दुखत असेल तर गंगापूर्णा तलावापर्यंतच फिरून या. मनांगात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे, सीझनमध्ये दुपारी तिथले डॉक्टर उंचीच्या त्रासावर माहिती देतात. दादांना पुढच्या रांगेत बसवा, घरच्यांचं न ऐकणारे डॉक्टरचं ऐकतात. डायमॉक्सचं मात्र निघण्याआधी आपल्याच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी नक्की सांगा.

धागाकर्ता

खूप आभार! दादाला वाचून दाखवलं. नगावलला कबूल झालाय, जीपचा हट्ट चामेपुरता उरलाय. ऑक्टोबरात नगावलला खोल्या आधी सांगून ठेवाव्या लागतात का?