घरच्या संगणकासाठी विकतचा अँटिव्हायरस खरोखर आवश्यक आहे का?

सांजवात:
माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ असून त्यात आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि आधार-पॅनच्या स्कॅन प्रती आहेत. ज्या दुकानातून तो घेतला, तेथून दरवर्षी अँटिव्हायरसच्या नूतनीकरणासाठी फोन येतो. निवृत्तिवेतनातून हा खर्च करणे आवश्यक आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कळफलक:
आवश्यक नाही, असे माझे मत आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, विंडोजमध्येच असतो. दुसरा बसवला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढून टाकला की पुन्हा कामाला लागतो. त्याहून महत्त्वाचे आहेत ते अपडेट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच उपलब्ध झालेला होता.

रानवाट:
अपडेट आणि विकतचा अँटिव्हायरस हे दोन्ही असूनही माझ्या मामांचे पैसे गेले. वीज तोडण्याची धमकी देणाऱ्या माणसाने त्यांच्याकडूनच स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवून घेतले, आणि ते अ‍ॅप मुळात वैध असल्यामुळे अँटिव्हायरसने हूं की चूं केले नाही. असे काही घडल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. आम्ही दोन दिवस घरातच चर्चा करत बसलो. आधारविषयीही सांगतो: ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, त्यामुळे ती फाइल हाती लागलेल्या ओळखीच्या माणसाला तो ओळखणे फारसे अवघड नाही.

कळफलक:
हे मान्य आहे. खंडणीखोर प्रोग्रामपासून फायली वाचवण्यासाठी विंडोज सिक्युरिटीत निवडक फोल्डरांना संरक्षण देण्याची सोय आहे, पण ती आपणहून सुरू करावी लागते. शिवाय एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि ती डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेल्या डिस्कवरील फायलीही तितक्याच सहज कुलूपबंद होतात.

सांजवात:
सर्वांचे आभार. यंदा नूतनीकरण करणार नाही. माझी डिस्क मात्र गेले आठ महिने लॅपटॉपला जोडलेलीच होती. ती आत्ताच काढून कपाटात ठेवली.