शब्दचर्चा: ‘ट्रेबल’ मुलाच्या आवाजाला मराठीत काय म्हणावं? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

लालशाई

लंडनच्या टेंपल चर्चमधल्या अर्नेस्ट लॉफ या मुलाने १९२७ साली मेंडेल्सोन या संगीतकाराची ‘हिअर माय प्रेअर’ ही प्रार्थना गायली. त्या ध्वनिमुद्रिकेवरचा एक कौतुकाचा लेख मराठीत आणायचा आहे. लेखात लॉफला पावलोपावली ‘ट्रेबल’ म्हटलंय. कोशात अर्थ मिळतो ‘तिप्पट, उच्च स्वर’. मसुद्यात तीन ठिकाणी तीन शब्द आलेत: ‘तिप्पट सुराचा मुलगा’, ‘चिमुकला बालगायक’ आणि ‘किनऱ्या आवाजाचा गायक’. पहिला वाचून हसू येतं. बाकीचे दोन चालतील का?

पांढरी पाच

तिन्ही नकोत, पण ज्या ‘तिप्पट’ला हसताय तो व्युत्पत्तीने बरोबर आहे. मध्ययुगीन युरोपीय वृंदगानात मूळ धून लांबवून धरणारा आवाज म्हणजे टेनर. ‘धरणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच तो शब्द आला. त्यावर दुसरा आवाज चढायचा, त्याच्यावर तिसरा. या तिसऱ्याचं नाव ट्रिप्लम, आणि त्याचंच पुढे ट्रेबल झालं. तिसरा सगळ्यांत वर असायचा, म्हणून मोजणीचा शब्द उंचीचा झाला. स्टिरिओच्या बटणावरचा ट्रेबल तो हाच.

इंग्लंडच्या चर्चमध्ये मात्र अर्थ आणखी आवळला गेला. तिथे ट्रेबल म्हणजे आवाज न बदललेला, सर्वांत वरची ओळ गाणारा मुलगा. पल्ला साधारण पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून (२६२ हर्ट्झ) वरच्या सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत (८८० हर्ट्झ). पट्टीचे गायक-मुलगे त्याच्याही वर जातात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाने १९६३मध्ये केलेल्या ‘मिझेरेरे’ या स्तोत्ररचनेच्या मुद्रणात बारा वर्षांच्या रॉय गुडमनने घेतलेला सर्वांत वरचा सूर १०४६ हर्ट्झच्या आसपासचा आहे. मधली पांढरी एक षड्ज (सा) धरली तर तो अतितार षड्ज, आणि त्या रचनेत तो पाच वेळा येतो.

सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या आवाजात गाणाऱ्या बाईचा पल्लाही जवळपास हाच, म्हणून पुष्कळ जण ‘सोप्रानो मुलगा’ लिहून मोकळे होतात. अमेरिकेत तसं म्हणतातही. पण तुमचा लेख लंडनचा आहे, तिथे हे दोन शब्द वेगळे ठेवतात. काउंटरटेनर म्हणजे तर खोट्या आवाजात वर गाणारा वयात आलेला पुरुष. त्याचा इथे संबंध नाही.

मिसरूड

मराठीला हवी ती खूण आपल्याकडे आहेच: कंठ फुटणे. मिसरूड फुटतं त्याच सुमारास मुलाचा कंठ फुटतो. म्हणजे ट्रेबल = कंठ न फुटलेल्या मुलाचा आवाज.

एक खोच आहे. ‘त्याला कंठ फुटला’चा दुसरा अर्थ ‘तो बोलू-गाऊ लागला’ असा कौतुकाचा. त्यामुळे ‘कंठ फुटण्याआधीचं गाणं’ वाचून कुणी बुचकळ्यात पडेल, की कंठच नाही तर गायला कसा? ‘आवाज फुटणे’ तर आणखी घोळाचं, कारण भर मैफलीत सूर चिरकला तरी आपण ‘आवाज फुटला’च म्हणतो. समीक्षेत ‘आवाज बदलण्याआधीचा’ हे सपक पण निर्धोक.

फुटतं म्हणजे काय होतं, तेही शब्द निवडताना डोक्यात असू द्या. स्वरयंत्र वाढतं, खाली सरकतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. बोलण्याची पट्टी जवळजवळ सप्तकभर उतरते. हे एका रात्रीत होत नाही. बहुधा आधी मधल्या सुरांत हवा मिसळायला लागते, आवाज घोगरा होतो, आणि वरचे सूर काही दिवस तसेच शाबूत राहतात. नेमक्या याच काळात मुलगा छातीचा (खालच्या सुरांचा) आवाज जोर लावून वर रेटतो. मग जिथे छातीचा आवाज संपून डोक्यातला सुरू होतो, त्या सांध्यावर तो चिरकतो. जाणता वृंदप्रमुख अशा वेळी त्याला खालच्या ओळीवर आणतो किंवा काही महिने गप्प बसवतो.

आता ‘चिमुकला’. लॉफचा जन्म नोव्हेंबर १९११चा, मुद्रण १५ मार्च १९२७चं. म्हणजे पुरते पंधरा झालेले. आजच्या हिशोबाने हे उशिराचंच वय. चिमुकला कसला, पोरसवदा म्हणा. आणि कौतुकातली खरी गोष्टही इथेच आहे: कळत्या वयाची समज आणि न बदललेला आवाज एकाच गळ्यात, तेही थोड्याच दिवसांसाठी.

खुर्चीतला श्रोता

‘किनरा’ आधी काढा. किनऱ्या आवाजात कुणी तक्रार करतं, त्याची कुणी तारीफ करत नाही. ‘बायकी’ त्याहून वाईट. ‘देवदूतासारखा’ आणि ‘स्वर्गीय’ या शब्दांनी वाचकाला काहीच ऐकू येत नाही.

‘टिपेचा’ चालेल, पण जपून. टीप म्हणजे वरचा षड्ज, म्हणून ‘टिपेचा सूर’ ही संगीतातली चोख भाषा. पण ‘आवाज टिपेला पोचला’ म्हटलं की डोळ्यांपुढे नळावरचं भांडण येतं. सुराला लावा, आवाजाला नको.

माझं मत ‘नितळ’ला. इंग्रजी चर्चमध्ये घडवलेल्या या आवाजात सूर हलवत नाहीत. तो सरळ लागतो आणि सरळच थांबतो. तळ दिसणाऱ्या पाण्यासारखा, म्हणून नितळ. ‘हिअर माय प्रेअर’च्या शेवटच्या ‘कबुतराचे पंख असते तर’ या भागात (मजकूर बायबलातल्या स्तोत्र ५५वरून) लांब ओळी आहेत. तिथे श्वास अपुरा पडला की सूर शेवटाला उतरतो, आणि कंप नसल्यामुळे उतरलेला सूर लपवताही येत नाही. लॉफच्या ओळी शेवटपर्यंत उभ्या राहतात. ‘गोड गळा’ लिहिण्याऐवजी हे लिहा.

संदर्भाला एवढं पुरे: एचएमव्हीची फिरती मुद्रणगाडी चर्चशी नेली होती, ऑर्गनवर जॉर्ज थॅलबेन-बॉल. विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. तबकडी इतकी खपली की मूळ साचा झिजला आणि १९२८मध्ये पुन्हा गाऊन घ्यावं लागलं. लॉफ पुढे बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीत गाणारा पुरुष गायक झाला.

पांढरी पाच

‘हिअर माय प्रेअर’चा षड्जही माझ्या टोपणनावासारखा पांढरी पाच आहे, आपल्याकडच्या गायिकांच्या ओळखीची पट्टी. मराठी वाचकाला उंचीचा अंदाज द्यायला हे वाक्य उपयोगी पडेल.

काठावरचा

‘बालगायक’वरही फुली मारा. त्यातून वय कळतं, आवाज नाही. आपल्याकडची नावं पाहिलीत तर फरक लख्ख दिसतो. नारायणराव राजहंस लहानपणी बालगंधर्व झाले ते साठी उलटल्यावरही बालगंधर्वच. शिवपुत्र कोमकळीमठ (कुमार गंधर्व) अकराव्या वर्षी, १९३५मध्ये, मुंबईच्या जिना हॉलमध्ये गायले आणि गाजले. त्यांचं ‘कुमार’ही जन्मभर टिकलं. सौदागर गोरे शेवटपर्यंत छोटा गंधर्व. मास्टर दीनानाथांचं ‘मास्टर’ही तसंच. आपल्या पदव्या माणसाला चिकटतात. ट्रेबल हे आवाजाचं नाव आहे, आवाज बदलला की ते उतरतं. म्हणून कुणी ‘बालगंधर्वांसारखा ट्रेबल’ लिहू नये.

आणि ट्रेबल व कॉरिस्टर एक नव्हेत. कॉरिस्टर म्हणजे वृंदातली जागा, ट्रेबल म्हणजे आवाज. किंग्जमध्ये सोळा मुलगे कॉरिस्टर असतात. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत पहिल्या गीताचं सुरुवातीचं कडवं त्यांतला एकटा गातो, साथीशिवाय, आणि कोण ते अगदी ऐन वेळी ठरतं. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलला गाणारी मुलं मिळावीत म्हणून १८६०मध्ये शाळा निघाली होती, तेव्हा शब्द आपल्या गावात तसा नवा नाही. गोव्याच्या बाजूने पाहिलं तर पोर्तुगीजमध्ये याच आवाजाला ‘तिप्ले’ म्हणतात.

लालशाई

मग असं करते: ‘पोरसवदा लॉफचा आवाज अजून बदललेला नव्हता. इंग्रजीत या आवाजाला ट्रेबल म्हणतात. टिपेचे सूर तो जोर न लावता घेतो आणि नितळ ठेवतो.’ पुढे सगळीकडे नुसतं ट्रेबल.

मिसरूड

छान. फक्त ‘घेतो’च्या जागी ‘लावतो’ करा. तान घेतात, सूर लावतात. आणि ‘ट्रेबल’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते आधीच ठरवा: मुलगा असेल तर ‘तो ट्रेबल’, आवाज असेल तर ‘ट्रेबल आवाज’. नाहीतर चौथ्या परिच्छेदात ‘त्याची ट्रेबल’ आल्याशिवाय राहणार नाही.