हॅडिक्सचा १९५९ चा सामना: ३-०, २-० की १-०? तेरावी इनिंग शीटवर कशी लिहायची?

स्कोअरबुक_फोंडा
शालेय सॉफ्टबॉलच्या स्कोअररना सरावाला २६ मे १९५९ चा मिलवॉकीतला बेसबॉल सामना दिलाय. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (चेंडू टाकणारा) हार्वी हॅडिक्सने मिलवॉकी ब्रेव्ह्जचे सलग ३६ बॅटर बाद केले आणि १३व्या इनिंगमध्ये हरला. ब्रेव्ह्जच्या जो ॲडकॉकने मारलेला चेंडू कुंपणापार गेला तेव्हा बेसवर दोघे होते. मग ३-० का नाही? मुलांच्या शीटवर तिन्ही आकडे आलेत.

डावखुरा_म्हापसा
उत्तर १-०. फर्स्टवरच्या हँक ॲरनला वाटलं चेंडू मैदानातच आहे. पुढचा रनर मँटिया घरी पोचला म्हणजे सामना संपला, असं समजून तो सेकंड बेसनंतर डगआउटकडे (खेळाडूंच्या बाकाकडे) वळला. ॲडकॉक मान खाली घालून धावत राहिला आणि ॲरनच्या पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की मागचा बाद, त्यामुळे होमरन रद्द झाला आणि टू-बेस हिट (सेकंड बेसपर्यंतचा फटका) उरली. क्रिकेटमध्ये एक धाव हवी असताना षटकार बसला तर सहाही धरतात, पण पळून काढली तर पहिल्या धावेवरच सामना संपतो. तसंच हे. त्या रात्री २-० जाहीर झालं होतं, नंतर लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी १-० केलं. मुलांचा २-० म्हणजे अगदी चूक नव्हे, जुना निकाल आहे.

केपेकर
फोंडेकरबाब, चौकोन असे भरा.
मँटिया: ई५ (एरर, म्हणजे चूक, ५ नंबरच्या फील्डरची). थर्ड बेसमन डॉन होकचा थ्रो चुकला, परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न चढणं) तिथेच मोडला.
मॅथ्यूज: सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन रनरला पुढे नेणारा हलका फटका), गोलात १, म्हणजे पहिला बाद.
ॲरन: हेतुपुरस्सर वॉक (मुद्दाम फुकट फर्स्ट बेस दिला). रन भरू नका, बेसवर उरला म्हणून धरा.
ॲडकॉक: टू-बेस हिट, आरबीआय (फटक्यावर आलेला रन) १, गोलात २. पुटआउट (बाद केल्याची नोंद) ओलांडलं त्या जागेजवळच्या फील्डरला.

मुलं हमखास चुकतात ती इथे: हॅडिक्सच्या नावावर १३ इनिंग लिहितात. शेवटच्या इनिंगमध्ये दोनच बाद झाले, म्हणून १२ २/३. हिट १, रन १, अर्न्ड रन (पिचरच्या दोषाचा धरलेला रन) ०, कारण मँटिया एररवर चढला होता. मग ताळा घ्या. बॅटर ४०: ३८ ॲट-बॅट (वॉक आणि सॅक्रिफाइस सोडून उरलेल्या बॅटिंगच्या पाळ्या), १ वॉक, १ सॅक्रिफाइस. दुसरीकडे ३८ बाद, १ रन, बेसवर उरलेला १. पुन्हा ४०. ३८ बाद धरून ३-० लिहिणाऱ्याचा ताळा इथेच अडतो, त्याला फळ्यावर करू द्या.

आणि समोरचं पानही भरून घ्या, ते फार मोलाचं आहे. ब्रेव्ह्जचा पिचर लू बर्डेटने १३ इनिंगमध्ये १२ हिट दिल्या, वॉक एकही नाही, रन शून्य. तिसऱ्या इनिंगमध्ये पायरेट्सच्या तीन सिंगल (एका बेसच्या हिट) पडल्या, तरी रन नाही: हॅडिक्सच्याच हिटवर मेहियास फर्स्टवरून थर्ड गाठायला गेला आणि बाद झाला. सेकंडवरच थांबला असता तर नऊ इनिंगमध्ये निकाल लागू शकला असता.

स्कोअरबुक_फोंडा
देव बरें करूं. मग शीटवर नो-हिटर (पिचरने एकही हिट न दिलेला सामना) लिहायचं का?

केपेकर
नाही. १९९१ पासून नऊ किंवा जास्त इनिंगचा पुरा सामना हिटशिवाय संपावा लागतो. ॲडकॉकची हिट आहे, तेव्हा हॅडिक्सचं नाव नो-हिटरच्या यादीतून निघालं. शेऱ्यात "पहिले ३६ सलग बाद" एवढं लिहा.