युकुलेलेची चौथी तार: हाय जी की लो जी?

स्वरवेडी
युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. नव्या वाद्यावर चौथी तार बहुतेक वेळा हाय जी असते, म्हणजे लो जीपेक्षा एक सप्तक उंच (जी, सी ही पाश्चात्त्य सुरांची नावं). सी म्हणजे सा धरला तर तारा लागतात प, सा, ग, ध. आणि तो प साच्या वरचा. म्हणजे साच्या खाली सूरच नाही! मी भूप वाजवायला बसले आणि 'सा ध सा रे ग' मधला मंद्र ध कुठेच मिळेना. मधल्या सप्तकातला ध घेऊन पाहिला, तर चालच मोडली.

महिन्यापूर्वी फ्लुओरोकार्बनची (एक प्रकारचं प्लॅस्टिक) लो जी चढवली. हाय जी ३९२ हर्ट्झची, ही बरोबर निम्मी, १९६. आता दुसऱ्या पडद्यावर मंद्र ध, चौथ्यावर नी. ज्यांना आपली गाणी वाजवायची आहेत त्यांनी लो जीच लावावी, असं माझं ठाम मत आहे.

चारतारी
अजिबात पटलं नाही. हाय जी काढली की उरतो तो छोटा गिटार. १८७९ मध्ये मदेरा बेटाहून आलेले पोर्तुगीज हवाईतल्या होनोलुलूला उतरले, त्यांच्या छोट्या तंतुवाद्यांतून युकुलेले घडलं. त्याची ती झुळझुळ येते कुठून? चारही सूर जवळजवळ असतात आणि अंगठा खाली जाताना पहिलाच सूर उंच वाजतो, म्हणून. हवाईचा युकुलेलेवादक जेक शिमाबुकुरो टेनरवर (मोठ्या आकाराच्या युकुलेलेवर) हाय जी लावूनच अख्खी मैफल रंगवतो.

आणि तारा क्रमाने चढायलाच हव्यात हा हट्ट का? आपल्या तंबोऱ्यात मंद्र पंचम, मग जोड (दोन सा), मग खर्ज (सगळ्यात खालचा सा). तिथे कुणाला काही खटकत नाही.

स्वरवेडी
तंबोरा आधार देतो हो, त्यावर कुणी चाल वाजवत नाही. मला चाल वाजवायची आहे.

मिरजकर
दोघांनी आधी तारेचा पदार्थ बघा. नायलॉनची घनता साधारण १.१४ ग्रॅम प्रति घन सेंमी, फ्लुओरोकार्बनची १.७८. त्यामुळे त्याच सुराला फ्लुओरोकार्बनची तार बारीक पुरते आणि आवाज मोकळा येतो. फरक सगळ्यात जास्त सीच्या तारेवर कळतो. नायलॉनची जाड सी ठस्स वाजते, वरच्या पडद्यांवर सूरही चढा लागतो. मी माझ्या कॉन्सर्टवर (मधल्या आकाराच्या युकुलेलेवर) फक्त तारांचा संच बदलला, आणि 'वाद्यच हलकं आहे' ही माझी समजूत गेली.

स्टीलच्या तारा मात्र कुणी लावू नका. घोडी (तारा अडकवायची पट्टी) वाद्याला नुसती चिकटवलेली असते, तो ताण तिला झेपत नाही.

चारतारी
हे मान्य. अजून एक, ताई: तुमचं टेनर आहे, त्याची तार १७ इंचांची. लहान आकाराच्या सोप्रानोची तार जेमतेम १३ इंच. तिच्यावर लो जी ढिली पडते, जोरात छेडली की पडद्यांवर खडखडते. 'सगळ्यांनी लावावी' असं नका म्हणू.

स्वरवेडी
सोप्रानोपुरतं शब्द मागे घेते. टेनरवर मात्र लो जीच. फक्त एक अडचण आहे. उघडी तार सुरात, पण पहिल्या पडद्यावर सूर चढा. तार कमी प्रतीची असेल का?

मिरजकर
तारेचा दोष नाही. नटावरची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीवरची) खाच बारीक हाय जीसाठी कापलेली असते. जाड लो जी तिच्यात बसत नाही, वर तरंगते. मग दाबताना जास्त ताणली जाते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून खाच रुंद करून घ्या, पण खोल नाही. खोल गेली तर तार पडद्याला लागेल, आणि मग पुन्हा हाय जी लावायची झाली तर नटच बदलावा लागेल. किंवा वळ घातलेली (वरून बारीक तार गुंडाळलेली) लो जी घ्या. ती बारीक असते, खाचेत बसण्याची शक्यता जास्त. मात्र बोट सरकवताना करकरते.